१.३ ने गुणलंय का?

आमच्या इंदूरकडच्या मातीला काळी म्हणायला कुणाला विचारावं लागत नाही. पावसात सांवेरकडच्या शेतात पाय टाकला की चप्पल तिथेच राहते आणि आपण पुढे. मला मात्र ही माती ‘काळी’ आहे का, या प्रश्नापायी तीन महिने घालवावे लागले.

काम साधं वाटलं होतं. मी ज्या प्रयोगशाळेत आहे तिथल्या माती तपासणीचे जुने आकडे, चारेकशे नमुने, इतर देशांच्या आकड्यांशेजारी पोर्टलवर बसतील अशा रूपात द्यायचे. एक्सेल येतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं. नेदरलँड्समधली इस्रिक ही संस्था १९६६ पासून जगभरच्या मातीची माहिती जमवते, तिचं वोसिस नावाचं माहितीभांडार. आणि राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेचं ग्लोसिस, जिथे देशाने आकडे आपल्याकडेच ठेवून फक्त जोडायचे असा विचार आहे. दोन्हीकडची कागदपत्रं वाचल्यावर कळलं, त्यांना आकड्याइतकीच तो काढायची पद्धतही हवी असते. आमच्या फाइलीत पद्धतीचा रकानाच नव्हता.

पहिल्या दिवशी नकाशावर ठिपके टाकले तर अख्खं सांवेर नॉर्वेच्या वर, बॅरेंट्स समुद्रात! अक्षांश २२ आणि रेखांश ७५ यांची अदलाबदल झालेली. दहा मिनिटांत गाव परत आणलं. शेतकऱ्यांची नावं काढली, ठिकाणं दोन दशांशांपर्यंत ठेवली, म्हणजे किलोमीटरभर इकडेतिकडे. कुणाचं शेत ते कळायला नको.

मग एककं. आमचा फॉस्फरस किलो प्रति हेक्टर, तिकडे मिलिग्रॅम प्रति किलो. १५ सेंटिमीटर थराचं वजन हेक्टरी २२.४ लाख किलो धरतात, म्हणून २.२४ ने भागायचं. त्याआधी तो आकडा नुसत्या फॉस्फरसचा की पी-टू-ओ-फाइव्हचा, म्हणजे त्याच्या ऑक्साइडचा, ते बघायचं, नाहीतर २.२९ पटीची चूक. सामू म्हणजे पीएच मोजायला आम्ही एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालतो, ऑस्ट्रेलियात पाच. वाळूचा कण तर अमेरिकी पट्टीत ०.०५ मिलिमीटरला सुरू होते आणि जुन्या आंतरराष्ट्रीय पट्टीत ०.०२ ला. तोच नमुना, एका पट्टीवर पोयटा जास्त, दुसरीवर वाळू.

हे सगळं निभलं. अडलं ते मातीतल्या सेंद्रिय कार्बनवर.

वॉक्ली-ब्लॅक ही तो मोजायची १९३४ ची पद्धत: मातीवर डायक्रोमेट, मग तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, शेवटी टायट्रेशन, म्हणजे उरलेलं डायक्रोमेट थेंबाथेंबाने मोजायचं. यात सगळा कार्बन जळत नाही, साधारण ७७ टक्केच, म्हणून उत्तराला १.३ ने गुणतात. कुणी गुणतं, कुणी नाही. आमच्या फाइलीत नुसतं ‘ओ.सी. ०.५२’, म्हणजे सेंद्रिय कार्बन ०.५२ टक्के. गुणून ०.५२ की न गुणता?

रामबागेत आमचे निवृत्त लॅब असिस्टंट काका राहतात. त्यांच्याकडे गेले. काकूंनी पोहे आणले, वर शेव आणि जिरावन. मी लॅपटॉप उघडला तर काका म्हणाले, “अगं, आधी खा. आकडे काही गार होत नाहीत.” मग म्हणाले, “रजिस्टरच्या मागच्या पानांवर ब्युरेटची रीडिंगं असतील. त्यावरून काढ ना.”

दुसऱ्या दिवशी कपाटातून रजिस्टर काढलं. शाई पसरलेली, पण वाचता येत होती: ब्लँक (माती न घातलेला) २०.२, नमुना १६.७, माती एक ग्रॅम. गणित केलं, बरोबर ०.५२ आलं. म्हणजे न गुणता. गुणलं तर ०.६८.

एवढ्यासाठी एवढं काय, असं घरीही विचारलं. तर काळ्या मातींचं आंतरराष्ट्रीय जाळं २०१७ मध्ये झालं, त्यांच्या व्याख्येत नुसता रंग चालत नाही. वरच्या किमान २५ सेंटिमीटर थरात १.२ टक्के कार्बन हवा, उष्ण प्रदेशात ०.६ तरी. ०.५२ ला आमची माती नापास, ०.६८ ला पास! शिवाय आमचे सगळे नमुने १५ सेंटिमीटरपर्यंतचेच.

साठेक नमुन्यांची रीडिंगं सापडलीच नाहीत. मधल्या एका हंगामात दुसरं कुणी बसायचं, ते गुणायचे की नाही काकांना आठवेना. अंदाजाने गुणायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. त्या ओळींसमोर ‘दुरुस्ती माहीत नाही’ लिहून फाइल पाठवली.

रजिस्टर सापडल्याचं सांगायला काकांकडे परत गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे काळी आहे की नाही?”

“पंधरा सेंटिमीटरपर्यंत असेल, काका. खाली खणून बघावं लागेल.”

“मग मे महिन्यात जा. हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. अर्धं खणणं जमिनीनेच केलेलं असतं.”