शिन-किबाची लाकडी बोट

जपानच्या नऊ दिवसांतलं आसाकुसा, शिबुया, हाकोने सगळं एका ओळीत आटपते, गर्दी होती, सुंदर होतं, पाय दुखले. लिहायचंय ते टोकियोच्या युमेनोशिमा पार्कातल्या बोटीबद्दल.

आदल्या संध्याकाळी आम्ही शिंजुकूला होतो. तिथे थिएटरच्या इमारतीवरून गॉडझिलाचं भलंमोठं डोकं रस्त्याकडे बघत असतं आणि खाली सेल्फीवाल्यांची ही रेटारेटी. मला खरंच वाईट वाटलं. कारण १९५४ चा मूळ जपानी 'गोजिरा' (गॉडझिला या अजस्र प्राण्याचं जपानी नाव) मी पाहिलाय आणि त्यात मजा वाटावी असं काहीच नाहीये. सुरुवातीलाच डेकवर बसलेले खलाशी, कुणी गिटार वाजवतंय, तेवढ्यात समुद्रातून डोळे दिपवणारा उजेड येतो आणि बोट पेटते.

तो उजेड मनातून काढलेला नव्हता. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली तेव्हा साधारण १६० किलोमीटरवर, धोक्याच्या हद्दीच्या बाहेर, 'दाइगो फुकुर्यु मारू' ही ट्यूना पकडणारी बोट होती. पांढरी किरणोत्सर्गी राख तासन् तास तिच्यावर पडत राहिली. २३ जण होते. त्यांचे रेडिओ ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरमध्ये गेले आणि ३ नोव्हेंबरला सिनेमा लागला, म्हणजे दीड महिन्याच्या आत. थिएटरात बसलेल्या लोकांना तो पहिला सीन बघताना काय झालं असेल!

ती बोट अजून आहे, त्या पार्कातल्या प्रदर्शन हॉलमध्ये. शिन-किबा स्टेशनपासून दहा-बारा मिनिटं चालत, तिकीट नाही, सोमवारी बंद (आम्ही सोमवारीच गेलो, हात हलवत परत आलो, आणि दुसऱ्या दिवशीचं सगळं ठरलेलं मोडून मी एकटी परत गेले, नवरा अजून कुरकुरतोय). हॉलमध्ये शिरलं की एकदम समोर लाकडाचा एवढा मोठा पोटाचा भाग, मान वर करूनच बघावं लागतं. फळ्यांच्या सांध्यांत रंगाचे पापुद्रे सुटलेत. माझ्याशिवाय तिथे चार माणसं असतील. शिंजुकूला पाय ठेवायला जागा नव्हती आणि इथे माझ्याच बुटांचा आवाज मला ऐकू येत होता. काचेमागे छोट्या बाटलीत ती राख ठेवलीये, अगदी साधी, खडूच्या भुकटीसारखी, तिच्यापुढून मला हलवेना.

सिनेमातला शास्त्रज्ञ सेरिझावा तिथे सारखा आठवत होता. त्याने असं काहीतरी शोधलंय की गोजिरा मरेल, पण ते एकदा जगाला कळलं की त्याचंच शस्त्र होणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो कागद जाळतो, समुद्रात उतरून यंत्र सोडतो आणि स्वतःची हवेची नळी कापतो. डोक्यातलंही काही मागे उरू नये म्हणून. यंत्रांनी भरलेल्या जगावरचे इतके सिनेमे बघितले पण यंत्र बनवणाऱ्याचीच एवढी भीती मला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

बाहेर कुबोयामांच्या शब्दांचा दगड आहे. अणुबॉम्ब-हायड्रोजन बॉम्बचा शेवटचा बळी मीच ठरो, अशा अर्थाचं. माझ्या शेजारी एक आजी हात जोडून उभ्या होत्या, बराच वेळ. मग त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दगडावर थोडं पाणी ओतलं, आणि स्टेशनच्या दिशेने चालायला लागल्या.