ठाणे ते दादर, फास्ट : पॅनिक डिसऑर्डरच्या उपचारांचा माझा अनुभव

पॅनिक डिसऑर्डरचं, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याच्या आजाराचं, निदान होईपर्यंत अनेकांच्या फाइलीत दोन-चार नॉर्मल ईसीजी जमलेले असतात. माझ्याही होते. ईसीजी नॉर्मल आला की दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी वाटायचं, तेव्हा धडधडत नव्हतं म्हणून नॉर्मल आला असेल. या आजाराची खरी मेख त्या दोन दिवसांच्या बरं वाटण्यात आहे, हे निम्मे उपचार होईपर्यंत लक्षात आलं नाही.

तपासण्या कराव्यातच, पण एकदा नीट. ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, घाम, हातांना कंप, सगळं हुबेहूब पॅनिकसारखंच होतं. दम्याचा पंप वापरत असाल किंवा दिवसाला सात-आठ कप चहा होत असेल, तर तेही सांगा. ठोके चुकल्यासारखे वाटत असतील तर डॉक्टर चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, लावतात. चालताना-चढताना छातीत दुखतं आणि थांबल्यावर कमी होतं, असं असेल तर मात्र ते ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका. बाकी सगळं नॉर्मल आल्यावर पुन्हा पुन्हा ईसीजी काढणं थांबवायचं. हे बोलायला सोपं आहे.

सायकियाट्रिस्टकडच्या पहिल्या भेटीत कुठलंही मशीन नसतं, प्रश्न असतात. पॅनिक अटॅक अचानक येतो का, काही मिनिटांतच टोकाला जातो का. धडधड, घाम, थरथर, श्वास अपुरा पडणं, चक्कर, मुंग्या, ‘आता मरतो’ ही भीती अशा तेरा लक्षणांपैकी किमान चार एकाच वेळी असतात का. पण निदान ठरतं ते पुढच्या प्रश्नावर : अटॅक नसतो तेव्हा तुम्ही काय करता? पुन्हा येईल या धास्तीत महिनाभर किंवा जास्त काळ गेला, त्यापायी वागणं बदललं, तर ती पॅनिक डिसऑर्डर. गाडी, गर्दी किंवा रांग, मोकळी जागा, बंद जागा, एकट्याने बाहेर पडणं यांतल्या किमान दोन गोष्टी सहा महिने टाळल्या जात असतील, तर सोबत अ‍ॅगोराफोबिया. पैसे, मुलं, तब्येत, नोकरी अशा अनेक गोष्टींची काळजी सहा महिने जवळजवळ रोज डोकं पोखरते, तो वेगळा विकार, जीएडी (जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर). त्यासाठी सात प्रश्नांचा जीएडी-७ भरून घेतात. प्रत्येक उत्तराला ० ते ३, एकूण २१; १० किंवा वर गेलं की सखोल विचारपूस करतात. केवळ त्या आकड्यावरून निदान होत नाही.

गडबड होते ती इथे. आपण अटॅकचं वर्णन पंधरा मिनिटं करतो आणि टाळलेल्या गोष्टी सांगतच नाही, कारण त्या टाळल्यासारख्या वाटतच नाहीत. ‘मी दाराजवळच उभा राहतो’ ही सवय वाटते. जाण्याआधी एका कागदावर लिहून न्या : पहिला अटॅक कधी, गेल्या महिन्यात किती, काय काय सोडलं, बाहेर पडताना सोबत काय लागतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. चिठ्ठीशिवाय दुकानातून आणलेल्याही.

गोळ्यांचं सांगतो. मला एस्सिटालोप्राम हे एसएसआरआय गटातलं, नैराश्य आणि चिंतेवरचं औषध दिलं, पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, मग १०. एकदम १० न देण्याचं कारण असं की पहिल्या एक-दोन आठवड्यांत या गटातल्या गोळ्यांनी धडधड आणि अस्वस्थता उलट वाढू शकते, आणि धडधडीलाच घाबरणारा माणूस चौथ्या दिवशी गोळी सोडून देतो. मळमळ सहसा आठवडाभरात ओसरते. झोप उडत असेल तर सकाळी नाश्त्यानंतर घ्या. फरक दोन ते चार आठवड्यांनी जाणवू लागतो, पुरता गुण यायला सहा-आठ. पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीला जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात, म्हणून डॉक्टर लवकर परत बोलावतात. ती तारीख चुकवू नका. तसं काही मनात आलं तर तारखेची वाट न बघता फोन करा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो. लैंगिक इच्छा कमी होणं, उशीर लागणं हाही नेहमीचा दुष्परिणाम आहे. लाजेने लपवला की लोक गोळीच बंद करतात. आणखी एक. ‘गॅस’ समजून ओमेप्राझोल हे अ‍ॅसिडिटीचं औषध आधीपासून चालू असतं. त्याने एस्सिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण वाढतं, तेव्हा ते सांगायलाच हवं.

बरं वाटू लागल्यावरही गोळी साधारण वर्षभर चालू ठेवतात. मग १० वरून ५ आणि पुढे, आठवड्या-आठवड्यांनी उतरवत. एका झटक्यात सोडली की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. आजार उलटला असं वाटतं, पण बहुतेकदा तो गोळी तोडल्याचा परिणाम असतो.

दुसरी गोळी क्लोनाझेपाम, भीती लगेच शमवणारी, ०.२५ मिलिग्रॅम. ही अर्ध्या-एक तासात काम करते, तोच तिचा गुण आणि तोच धोका, कारण सवय लागते. दोन-चार आठवड्यांपुरती, पहिल्या गोळीचा गुण येईपर्यंत. दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात. ती सोयीची वाटते, पण मग क्लोनाझेपाम एकटं बंद करता येत नाही आणि माणूस वर्षानुवर्षं दोन्ही घेत राहतो. मला वेगवेगळ्या लिहून दिल्या, याबद्दल डॉक्टरांचे आभार.

गोळ्यांसोबत सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी), म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा उपचार, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, आठवड्याला एक, बारा बैठका. पहिल्या दोन समजून घेण्यात गेल्या. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. म्हणजे ‘दीर्घ श्वास घे’ म्हणणारे चुकीचंच सांगत असतात. बेशुद्ध पडायला रक्तदाब पडावा लागतो, अटॅकमध्ये तो सहसा चढतो. (रक्त किंवा सुई बघून चक्कर येणाऱ्यांचं गणित वेगळं.)

नंतर मुद्दाम लक्षणं आणायची. खुर्चीवर गरागरा एक मिनिट. जागच्या जागी पळणं एक मिनिट. नाक चिमटीत धरून अरुंद स्ट्रॉतून श्वास, एक मिनिट. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करायचं नाही. भीतीला ० ते १०० आकडा द्यायचा आणि तो उतरेपर्यंत तोच प्रकार पुन्हा पुन्हा करायचा. स्ट्रॉ विसाव्या सेकंदाला टाकली तर फायदा शून्य; मेंदू एवढंच शिकतो की टाकली म्हणून वाचलो. संपल्या संपल्या घोटभर पाणी पिणं हीसुद्धा चोरवाट.

मग शिडी : लोकलच्या भीतीला सोप्यापासून अवघडापर्यंत एकेका पायरीने सामोरं जायचं, प्रत्येक पायरीला भीतीचा आकडा. ठाणे स्टेशनच्या पुलावर दहा मिनिटं : ३०. फलाटावर उभं राहून चार गाड्या सोडणं : ४०. दुपारच्या रिकाम्या स्लोने, म्हणजे प्रत्येक स्टेशनला थांबणाऱ्या लोकलने, मुलुंड : ६०. स्लोने घाटकोपर : ७०. मुलुंड-भांडुप गाळून थेट घाटकोपरला थांबणारी फास्ट : ८५. तीच गर्दीच्या वेळी दादरपर्यंत, दारापासून लांब, आत : ९५. एकेक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा. डायरीतली एक ओळ अशी : ‘स्लो, २.४०. काय होईल? पडेन, ८० टक्के. आधी ६५, नाहूरला ८५, घाटकोपरला ४५. पडलो? नाही. चोरी : फोनवर बोललो.’

तो ‘चोरी’चा रकाना सगळ्यांत कामाचा. बायकोला सोबत नेणं, हातात बाटली, कानात गाणी, नाडी मोजणं, आणि गाडीत सावकाश श्वास सोडणंसुद्धा. घरी ते चांगलं आहे. डब्यात तो आधार होतो आणि श्रेय त्याला जातं. मधेच उतरलात तर मात्र त्या दिवशी तीच पायरी परत करा. उतरल्यावर जे हायसं वाटतं, तेच पुढच्या वेळची भीती पोसतं. ईसीजीनंतरचे ते दोन दिवसही याच जातीचे होते.

बैठका संपत आल्या तेव्हा दादर फास्ट ३० वर आली होती, पण पाकिटात क्लोनाझेपामची पट्टी अजून होती. मुदत संपलेली, घडीवर पत्रा फाटलेला, दोन महिन्यांत एकही न खाल्लेली. ती काढणं ही शिडीची स्वतंत्र पायरी धरा : आधी पाकिटातून बॅगेत, एक आठवडा, मग घरी कपाटात, मग कचऱ्यात. मी तिला आकडा दिला होता ९०, दादर फास्टच्या तिप्पट.