लोकमान्य नगरच्या काकू आणि पडद्यावरचा साहेब

बँकेत नोकरी करून नाटक करणाऱ्या प्रत्येकाचं एक दैवत असतं. माझ्या पिढीत ते बहुतेक वेळा शिवाजी साटम. सेंट्रल बँकेतले कॅशियर, आंतरबँक नाट्यस्पर्धेत बाळ धुरींच्या नजरेत भरले, तिथून रंगभूमीवर गेले आणि पुढे ‘सीआयडी’ मालिकेतून अख्ख्या देशाचे एसीपी प्रद्युम्न झाले. नोटा मोजणाऱ्या बोटांनीच पुढे हवेत ती प्रसिद्ध गिरकी घेतली, असं मी आमच्या तालमीत सांगतो. पुरावा काही नाही, पण कॅशमध्ये बसलेला कुणीही हे मान्य करील.

मी इंदूरच्या एका शाखेत अधिकारी आहे आणि इथल्या हौशी मराठी रंगभूमीवर मिळेल ते काम करतो. बरेचदा पोलीसच करतो, कारण उंची आहे आणि मिशी घरची आहे. लोकमान्य नगरच्या काकू मला ओळखतात त्या नाटकामुळेच. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, काका गेल्यापासून एकट्या, मुलगी पुण्याला. काउंटरवर आल्या की आधी माझ्या मागच्या प्रयोगातले उच्चार सुधारणार, मग पासबुक पुढे करणार. ‘सीआयडी’ त्यांनी पहिल्यापासून पाहिलेलं. जानेवारी १९९८ ते ऑक्टोबर २०१८, दीड हजाराच्या वर भाग. त्यांचा जीव फ्रेडीवर. ते काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३मध्ये गेले तेव्हा एफडीच्या पावतीवर सही करता करता त्या थांबल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, “हसवणारा गेला की घरातलं कुणी गेल्यासारखं वाटतं बघ.”

तर २०२४चा नोव्हेंबर. पेन्शनवाल्या शाखेत नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. बोटांचे ठसे मशिनवर उमटत नाहीत, आजोबा चिडतात, मागची रांग आजोबांवर चिडते. त्या गर्दीत काकू थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मुझे दो एफडी तुड़वानी हैं. आरटीजीएस करना है.”

हिंदीत. माझ्याशी.

इंदूरच्या मराठी माणसाला याचं काय वाटेल ते इतरांना सांगून कळायचं नाही. आम्ही रस्त्यावर हिंदी, दुकानात हिंदी, शाखेत हिंदी. पण दोन मराठी माणसं समोरासमोर आली की भाषा आपोआप बदलते, तिथे विचार करावा लागत नाही. आणि काकू तर माझ्या ‘ण’चा हिशेब ठेवणाऱ्या बाई. मी मराठीत विचारलं, “काकू, बरं आहे ना? एवढं अचानक?” त्या म्हणाल्या, “भतीजे ने फ्लैट लिया है, उसको रजिस्ट्री के लिए देना है.” मी थोडं इकडचं तिकडचं बोलून परत विचारलं, कुठे घेतला फ्लॅट, कुणी घेतला. उत्तर आलं, “भतीजे ने फ्लैट लिया है, उसको रजिस्ट्री के लिए देना है.” तेच शब्द, तोच क्रम, ‘रजिस्ट्री’वर तसाच किंचित जोर.

पाठांतर मला ओळखता येतं. माणूस खरं सांगत असला की दुसऱ्यांदा सांगताना वाक्य बदलतं, काहीतरी वाढतं, काहीतरी गळतं. तसंच्या तसं येतं ते कुणीतरी दिलेलं वाक्य. फॉर्म पाहिला तर रक्कम चौदा लाख आणि पैसे चालले होते परराज्यातल्या कुठल्याशा ट्रेडिंग फर्मच्या करंट अकाउंटला. पुतण्याचं नाव कुठेच नाही. मग गळ्यातल्या कापडी पिशवीकडे लक्ष गेलं. मोबाइल त्यात उभा ठेवलेला आणि कॅमेऱ्याचा भाग बरोबर बाहेर.

आता हा प्रकार काय, हे त्या वेळी बँकेतल्या शिपायालाही माहीत होतं. आदल्याच महिन्यात, २७ ऑक्टोबरला, पंतप्रधान ‘मन की बात’मध्ये डिजिटल अरेस्टवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस बनून, अटकेचा धाक घालून पैसे उकळण्यावर, बोलले होते. आमच्या दारावर पोस्टर होतं. काकू त्या पोस्टरखालूनच आत आल्या होत्या.

मी व्हाउचरच्या मागे मराठीत लिहिलं, “फोनवर कोण आहे? ते सांगतात ते करू नका,” आणि कागद सहीसाठी सरकवल्यासारखा सरकवला. त्यांनी वाचला. घडी करून पर्समध्ये ठेवला. आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाल्या, “भैया, ज़रा जल्दी कर दीजिए.” मला त्यांनी आयुष्यात भैया म्हटलेलं नाही. त्या क्षणी मला भीती वाटली ती त्या माणसांची नव्हे, काकूंच्या अभिनयाची. इतकं सफाईदार काम आमच्या ग्रुपमध्ये कुणी करत नाही.

या गुन्ह्यात नटांची फौज असते. आधी कुरियरवाला किंवा टेलिफोन खात्यातला कुणी, मग इन्स्पेक्टर, मग वरचा साहेब, शेवटी न्यायाधीश. मागे पडदा, टेबलावर तिरंगा, भिंतीवर राजमुद्रा. पण ही सगळी दुय्यम पात्रं. मुख्य भूमिका असते सावजाची. बँकेत जायचं, अमुक चेहऱ्याने अमुक वाक्य बोलायचं, प्रश्न आला तर हे उत्तर, पोस्टर दिसलं तर लक्ष द्यायचं नाही. बँकेचा अधिकारी हा प्रेक्षक, त्याला पटलं तर प्रयोग यशस्वी. २००४ साली ‘सीआयडी’वाल्यांनी १११ मिनिटांचा एक भाग एकही कट न घेता चित्रित केला होता. नाटकवाला असल्यामुळे त्यामागची तयारी मला थोडीफार समजते. काकूंचा कॅमेरा दोन रात्री चालू होता. झोपतानाही मोबाइल उशीजवळ भिंतीला टेकवून ठेवायचा, असा हुकूम होता.

मी शाखेतलं सनातन शस्त्र काढलं. “लिंक नहीं है, माँजी. बैठिए, पाँच मिनट.” आणि मॅनेजर मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. मॅडम भोपाळच्या, मराठी येत नाही, पण बाई खमक्या. म्हणाल्या, मोठी रक्कम आहे, दोन अधिकाऱ्यांसमोर सही लागते असं सांगून आत आणा. असा काही नियम नाही, पण बँकेच्या नियमांबद्दल लोक काहीही विश्वासाने ऐकतात, त्याचा कधीतरी चांगला उपयोग व्हावा.

केबिनमध्ये मॅडमनी समजावून सांगितलं. की कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. अटक करायला माणूस दारात यावा लागतो, आणि बाईला सूर्यास्तानंतर अपवाद सोडला तर अटकही करता येत नाही. कुठलीही एजन्सी तपासासाठी पैसे स्वतःकडे मागवत नाही. सगळं बरोबर, सगळं मुद्देसूद, आणि काकूंवर काडीचाही परिणाम नाही. त्या टेबलाच्या कडेकडे बघत बसल्या. घाबरलेल्या माणसाला युक्तिवाद ऐकू येत नाही. पिशवीतून मात्र बारीक आवाज आला, “माँजी, काम हुआ?” मॅडमनी हात पुढे केला तर काकूंनी पिशवी छातीशी घट्ट धरली. धरताना ती थोडी वाकडी झाली आणि मला पडदा दिसला. खाकी वर्दी, खांद्यावर तारे, कपाळावर आठ्या. साहेब कॅमेऱ्यात बघत होता, पण बघण्यात काही नव्हतं.

इथे जरा विषयांतर. ‘सीआयडी’ला नावं ठेवणं सोपं आहे. डॉक्टर साळुंखे एका थेंबावरून खुन्याची कुंडली मांडणार, दया दार तोडणार, प्रद्युम्न एक वाक्य बोलणार की गुन्हेगार कबूल. पण ती मंडळी वीस वर्षं टिकली ती काही कथानकांच्या जोरावर नव्हे. आदित्य श्रीवास्तव संशयिताकडे कसा बघतो ते आठवा. प्रश्न विचारायच्या आधी तो समोरच्याचं उत्तर पुरतं ऐकतो. हा नट त्या मालिकेत आधी एका भागात गुन्हेगार म्हणून आला होता, पुढच्या वर्षी अभिजीत म्हणून कायमचा आला. दयानंद शेट्टी मूळचा थाळीफेकपटू. त्याच्या शरीराला वजन आहे म्हणून दार खरं वाटतं. साळुंखे करणारे नरेंद्र गुप्ता प्रद्युम्नशी ज्या चिडखोर मैत्रीने वाद घालतात, तशी दोन म्हातारी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात. आणि यांच्यातल्या कुणालाही अधिकार दाखवायला वर्दी लागली नाही. ती सगळी टीम आयुष्यभर साध्या कपड्यांत.

ते मनात होतं म्हणून की काय, मी एकदम बोलून गेलो, “काकू, वीस वर्षं सीआयडी बघितलंत. प्रद्युम्न कधी असा खाकी घालून, तारे लावून, कॅमेऱ्यासमोर बसलेला पाहिलात?”

काकू वैतागल्या. “अरे, ते नाटक असतं. हे खरं आहे!”

मराठीत. सकाळपासूनचं पहिलं मराठी वाक्य.

आणि पिशवीतला साहेब गरजला, “माँजी! किससे बात कर रही हैं? क्या बोला आपने? हिंदी में बोलिए!”

काकूंची मान हळूच वर झाली. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, हातभर अंतरावर धरला, चष्मा सारखा केला. वर्गात कॉपी पकडणाऱ्या बाई कशा दिसत असतील ते मला तेव्हा कळलं. “साहेब,” त्या म्हणाल्या, “तुम्ही मुंबई क्राइम ब्रँचचे ना?”

“क्या?”

“नाव काय सांगितलंत तुम्ही? मराठी आडनाव होतं ना तुमचं? मग मी काय बोलतेय ते सांगा बघू.”

साहेबाला आता संवाद नव्हता. तो आवाज चढवू लागला, वॉरंट म्हणाला, मुलीला पुण्याहून उचलू म्हणाला, मग “जज साहब लाइन पर हैं” म्हणून दुसरा आवाज आला. जज साहेबांचा आवाज सर्दी झाल्यासारखा होता. मॅडमनी फोन स्वतःच्या हातात घेऊन विचारलं, “कौन सा कोर्ट? नोटिस ब्रांच के पते पर भेज दीजिए.” जज साहेबांनी “आप सरकारी काम में बाधा डाल रही हैं” एवढंच दोनदा म्हटलं. पहिल्यांदा म्हटलं तसंच दुसऱ्यांदा. फोन त्यांनीच कापला.

पुढचं काम ठरलेलं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, १९३०, लावला, तक्रार नोंदवली. तेव्हा कळलं की आदल्या दिवशी दुसऱ्या बँकेतून तीन लाख आधीच गेले होते. ते पैसे लगोलग पुढे फिरवलेले. वाटेतल्या एका खात्यात थोडी रक्कम अडकली, ती होल्डवर आली. बाकीच्यांचा पाठपुरावा चालू आहे, म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. चौदा लाखांच्या एफडी जागच्या जागी राहिल्या. पुण्याला मुलीला फोन लावून दिला तर काकू तिच्याशी दोन मिनिटं पावसापाण्याचं बोलल्या आणि मग फोन माझ्या हातात दिला.

मला वाटलं होतं, त्या पैशांसाठी रडतील. चहा आला, अर्धा प्यायल्या, आणि म्हणाल्या, “मी तुझ्याशी खोटं बोलले रे. तुझी चिठ्ठी वाचली आणि तरी खोटं बोलले.” मी म्हटलं, त्यांनी बोलायला लावलं. त्या म्हणाल्या, “लावलं. पण छान जमत होतं, हे मला आतून कळत होतं.” याला काय उत्तर द्यायचं? मी सायबर सेलच्या पोलिसाला खुर्ची आणून दिली. तो पोरगा साध्या कपड्यांत आला होता. काकूंनी त्याचं ओळखपत्र मागून घेतलं आणि दोन्ही बाजू वाचल्या.

डिसेंबरात ‘सीआयडी’ पुन्हा सुरू झालं. जानेवारीत आमच्या शाखेने ज्येष्ठ नागरिकांसाठी या विषयावर छोटं प्रहसन करायचं ठरवलं, लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. काकूंना मी भीत भीत विचारलं, तुमचा प्रसंग घेतला तर चालेल का, नाव बदलून. म्हणाल्या, नाव बदल, पण काम मीच करणार. साहेबाची भूमिका मी घेतली, मिशी होतीच. पहिल्या तालमीला मी खुर्चीत बसून टेबलावर हात आपटला आणि अस्सल गर्जना केली.

काकूंनी तालीम थांबवली.

“हे चूक आहे. ओरडला तो शेवटी, तुमच्यासमोर. दोन दिवस तो माझ्याशी इतकं हळू बोलायचा. रात्री म्हणाला, माँजी, बीपी की गोली ली? मी म्हटलं, विसरले. तर म्हणाला, पहले गोली लीजिए, मैं रुकता हूँ. आणि थांबला.” त्यांनी माझ्या हातातली वही ओढून घेतली, पेन मागितलं. “हे वाक्य घाल आधी. नाहीतर समोर बसलेल्यांना वाटेल, ओरडणारा आला की आपण ओळखू.”

मी घातलं. ते वाक्य मला अजून नीट बोलता येत नाही. काकू म्हणतात, ‘मैं रुकता हूँ’नंतर तू थांबत नाहीस.