पाठीवरचं आडनाव

रात्री उशिरा इंटर मिलानची मॅच बघत बसलो होतो. एका पोरसवदा खेळाडूच्या पाठीवर आडनाव होतं, एस्पोझितो. ओळखीचं वाटलं. १८८९ साली राणी मार्गेरितासाठी पिझ्झा केला म्हणून ज्याचं नाव घेतात, तो नेपल्सचा राफाएलेही एस्पोझितोच. म्हटलं, असेल आपल्या कुलकर्णी-देशपांड्यांसारखं; कुठल्यातरी जुन्या वतनाची खूण.

वतन कसलं! मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘बाहेर ठेवलेला’. आईबापांनी सोडून दिलेल्या तान्ह्या मुलाला नेपल्समध्ये हेच आडनाव मिळायचं.

तिथल्या अन्नुंझियाता संस्थेच्या भिंतीत एक भोक आहे. त्यामागे लाकडी पिंप, उभ्या कण्यावर फिरणारं. बाहेरून बाळ ठेवायचं, पिंप फिरवायचं, की बाळ आतल्या दाईच्या हातात. ठेवणारीला घेणारी दिसत नाही, घेणारीला ठेवणारी. भोक मुद्दाम लहान, तान्हंच मावावं एवढं. थोराड मूल असलं तर अंगाला तेल चोपडून सरकवत, असं सांगतात. मग चोपडी उघडायची. कधी आलं, अंदाजे वय किती, अंगावर काय, गळ्यात काय. आणि आडनाव: एस्पोझितो. आडनावानं माणसाचं मागचं काहीतरी सांगावं अशी आपली अपेक्षा. हे सांगत होतं की मागचं काही विचारू नका.

गावात मात्र लोक त्यांना ‘मादोन्नाची’, म्हणजे मेरीमातेची, ‘लेकरं’ म्हणत. आडनावापेक्षा हे कितीतरी मायेचं. पण सोयरिकीच्या वेळी आडनावच आधी पुढे येणार.

बाकी शहरांनी आपापल्या परीनं बारशी केली. फ्लॉरेन्सच्या अनाथालयातून ‘इन्नोचेंती’ म्हणजे निष्पाप बाहेर पडले. मिलानच्या रुग्णालयाच्या चिन्हात कबुतर होतं, म्हणून तिथली पोरं ‘कोलंबो’. (कोलंबसही कोलंबोच, पण तो जेनोआचा, आणि त्याचा विणकर बाप नावानिशी ठाऊक आहे.) रोमकडचं ‘प्रोयेत्ती’ मात्र फार लागलं. त्याचा अर्थ ‘टाकलेले’. आपणही ‘टाकलेलं पोर’च म्हणतो की! त्यापुढे नेपल्सचा ‘ठेवलेला’ बरा. ठेवलेली वस्तू कुणीतरी उचलेल, असं त्यात गृहीत असतं.

पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतलं आणि आडनाव दिलं ते स्वतःचं. मुळात फुल्यांचंही ते जुनं नव्हे. घराणं गोऱ्हे; फुलांच्या धंद्यावरून फुले झालेलं.

नेपल्सच्या गादीवर नेपोलियनचा मेहुणा म्युरा होता, तेव्हा अशा मुलांना सरसकट एस्पोझितो म्हणण्यावर बंदी आली. १८७५ मध्ये ते पिंपही थांबलं. तोवर जुन्या एस्पोझितोंना मुलं-नातवंडं झाली होती, त्यांना त्यांची. आज नेपल्समध्ये दगड मारावा तर एस्पोझितोच्या दारात पडेल. ज्यांना कूळच नव्हतं, त्यांचा विस्तार शहरातल्या खानदानी घराण्यांना मागे टाकून गेला.

फ्लॉरेन्सच्या त्या अनाथालयात पहिलं मूल आलं फेब्रुवारी १४४५ मध्ये. मुलगी होती. नाव ठेवलं आगाता झ्मेराल्दा. संत आगाताचा दिवस होता म्हणून. तिथल्या संग्रहालयात आता लहान लहान कप्पे आहेत. त्यांत पोरांच्या कपड्यांत सापडलेल्या वस्तू: मणी, क्रूस, आणि मधोमध तोडलेली पदकं. पुढेमागे परत न्यायला आलो तर ओळख पटावी म्हणून अर्धं पदक बाळासोबत, अर्धं आईच्या कनवटीला. कप्प्यांत ती अजून अर्धीच आहेत.