बाबांच्या डोळ्यांसमोर दोन ओळी

मागच्या महिन्यात माझा मावसभाऊ बंगळुरूहून डोंबिवलीला आला, येताना एक डिस्प्लेवाला चष्मा घेऊन आला. दिसायला जाडसर काळा गॉगल, एका काडीच्या टोकाला वायर, ती फोनला जोडली की फोनची स्क्रीन समोर तीन-चार मीटरवर मोठ्या टीव्हीसारखी तरंगायला लागते. गाडीत रात्रभर यावर पिक्चर बघत आला म्हणे. मी हौसेने डोळ्यांना लावला तर मला दिसला उजेडाचा एक फिसकटलेला चौकोन, बास. माझा नंबर मायनस साडेपाच. माझा चष्मा काढल्याशिवाय हा बसत नाही आणि माझा काढला की तीन मीटरवर टीव्ही काय, म्हैस उभी असली तरी कळणार नाही.

यासाठी आतून बसवायच्या नंबरच्या छोट्या काचा वेगळ्या करून घ्याव्या लागतात. त्या काचांची छोटी रिकामी फ्रेम घेऊन मी स्टेशनजवळच्या आमच्या नेहमीच्या चष्मेवाल्याकडे गेलो, त्याने ती उलटसुलट करून बघितली, उजेडात धरली आणि विचारलं, "याच्या काड्या कुठायत?"

असो. मला सांगायचंय बाबांबद्दल. बाबा ७६ वर्षांचे, ऐकू कमी येतं. कानाचं मशीन घेतलंय पण ते कपाटात असतं, कारण त्यात म्हणे आमचे आवाज कमी आणि पंख्याचाच जास्त येतो. डोळे मात्र ठणठणीत, दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली तेव्हा लेन्स बसवल्या, त्यामुळे लांबचं स्वच्छ दिसतं, चष्मा लागतो तो फक्त पेपर वाचायला. म्हणजे घरात मी सोडून हा चष्मा कोणाला जसाच्या तसा चालणार असेल तर बाबांना.

मग डोक्यात आलं की फोनमध्ये ते बोललेलं टाइप करणारं ॲप आहेच, मराठीही घेतं, ते लावायचं आणि तीच स्क्रीन चष्म्यात पाठवायची. ॲपचा रंग काळा केला, अक्षरं पांढरी. गंमत अशी की असला चष्मा फक्त उजेड टाकू शकतो, समोरचा उजेड पुसू शकत नाही, त्यामुळे काळा रंग म्हणजे तिथे काहीच नाही, आरपार. काळ्यावर पांढरं लिहिलं की नुसती अक्षरं हवेत उभी राहतात.

बाबांना खुर्चीत बसवलं, आई ओट्यापाशी. फोन टेबलावर. आई म्हणाली, "अहो, कढीपत्ता संपलाय, खाली जाल तेव्हा घेऊन या." फोनवर उमटलं: अहो कधी पत्ता संपलाय खाली जाल तेव्हा घेऊन या.

बाबा लगेच म्हणाले, "कसला पत्ता?"

आम्ही सगळे हसलो, पण हसता हसता लक्षात आलं की एरवी याच वाक्याला "काय?", मग आई ओरडून, मग परत "काय?", मग आई वैतागून "काही नाही, राहू दे" असं चालतं. त्या "राहू दे" मध्ये दिवसभरात किती काय काय राहून जातं ते आमच्याच घरातल्यांना माहीत.

आणि मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. हेच ॲप मी आधी बाबांना फोनवर दाखवलं होतं, तेव्हा मान खाली घालून, पेपरचा चष्मा लावून ते स्क्रीन वाचत बसायचे आणि बोलणारा माणूस बाजूलाच राहायचा. दोन दिवसांत सोडून दिलं. इथे ते आईच्या तोंडाकडे बघत वाचत होते. ती हसली की दिसत होतं, डोळे वटारले तेही.

अर्थात अडचणी लगेच सुरू झाल्या. अक्षरं सेकंद-दोन सेकंद मागून येतात, त्यामुळे विनोदावर सगळ्यांचं हसून झालं की बाबा एकटे हसणार. मावशी आणि मावसभाऊ एकदम बोलायला लागले, त्यात मिक्सर, तर फोनने तिघांचं मिळून एकच वाक्य केलं आणि कोण काय म्हणालं याचा पत्ताच नाही. (परत पत्ता.) आणि घरात काळा गॉगल! आई म्हणाली, "परत ऑपरेशन झाल्यासारखे दिसताय." त्या काचा मुद्दाम काळ्या असतात, बाहेरचा उजेड अडवला नाही तर आतलं चित्र फिकं पडतं. तरी गॅलरीत उन्हात उभं राहिल्यावर अक्षरं गायबच झाली, शेवटी पडदे ओढून बसलो. तासाभराने फोन गरम, नाकावर दोन लाल वळ.

मी चौथीपासून चष्मा लावतो त्यामुळे नाकाच्या बाबतीत माझं मत ऐकून घ्या. साधा चष्मा २५-३० ग्रॅमचा. मे महिन्यात घाम आला की तोही घसरतो, हेल्मेट घालताना काड्या कानावर दाबतात, पावसात काचेवर थेंब आणि आत वाफ. आता मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ बघा, डोक्याला बांधायचा मोठा डिस्प्लेवाला चष्मा, ५६६ ग्रॅम, अर्धा किलोच्या वर कांदे डोक्यावर! त्याचं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं. फेसबुकवाल्या मेटाने त्याच वर्षी ओरायन नावाचा असाच चष्म्याचा नमुना दाखवला, तो ९८ ग्रॅमवर आणला, पण विकायला काढलाच नाही, आणि त्याचा मेंदू वेगळ्या डबीत, ती खिशात बाळगायची. २०२५ मध्ये त्यांचा रे-बॅन डिस्प्ले अमेरिकेत ७९९ डॉलरला आला, ६९ ग्रॅम, एकाच डोळ्यापुढे छोटीशी स्क्रीन, समोरचं बोलणं लिहून दाखवायची सोयही आहे. ५००० निट्सची (निट हे चमक मोजायचं माप) चमक, म्हणजे उन्हातही वाचता यावं. एवढी चमक लागते कारण यात काचेच्या आतूनच प्रकाश आपटत आपटत डोळ्यापर्यंत आणतात आणि त्यातला बहुतेक वाटेतच सांडतो. जास्त चमक म्हणजे जास्त बॅटरी, म्हणजे जास्त वजन आणि कानशिलापाशी जास्त गरम. एक ओढलं की दुसरं उसवतं. शिवाय तो नंबर घेतो प्लस-मायनस चारपर्यंतच. म्हणजे मी परत बाहेर. चष्मेवाल्या माणसाला न चालणारा चष्मा, याला काय म्हणावं!

कॅमेऱ्याचं दुखणं तर जुनंच आहे. गुगल ग्लास हा कॅमेरावाला चष्मा २०१३ मध्ये १५०० डॉलरला मिळायला लागला तेव्हा लोक घालणाऱ्यालाच शिव्या द्यायला लागले, कारण समोरचा आपलं शूटिंग करतोय की काय कळायचं नाही, काही बारमध्ये प्रवेशच बंद केला. २०१५ मध्ये सामान्य गिऱ्हाइकांसाठी ते बंद, नंतर कारखाने-गोदामांसाठी चालू राहिलं, २०२३ मध्ये तेही संपलं. आणि भीती काही उगाच नव्हती, २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी कॅमेऱ्याच्या चष्म्याला चेहरा ओळखणारी सर्च जोडून रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची नावं काढून दाखवली. आमच्या सोसायटीत गच्चीच्या कॅमेऱ्यावरून दोन मीटिंगा झाल्यात, असला चष्मा घालून लिफ्टमध्ये शिरलो तर तिसरी माझ्यावरच होईल.

पण बाबांना कॅमेरा हवाय कशाला? हवेत तरंगणारा डायनासोर नको, भिंतीवर स्क्रीनच्या पाच खिडक्या नकोत, जिन्यात रस्ता दाखवणारे बाण नकोत. दोन ओळी हव्यात, हिरव्या का होईनात. तसे चष्मे यायला लागलेत, इव्हन रिअॅलिटीज कंपनीच्या जी१ ला कॅमेराही नाही आणि स्पीकरही नाही, हिरवी अक्षरं तेवढी दिसतात. माझं म्हणणं, मोठ्या कंपन्या गेली दहा वर्षं सगळं जग चष्म्यात कोंबायला धडपडतायत आणि गाडी अडलीये ती त्या कोंबण्यातच. कमी दाखवा, वजन आपोआप उतरेल. मराठी नीट ऐकणं मात्र उतरणार नाही आपोआप, आमची मावशी चिपळूणची आणि तिचं बोलणं फोनला निम्मंच कळत होतं, त्यावर कोणीतरी बसून काम करायला लागेल.

रविवारी मावसभाऊ परत गेला, चष्मा घेऊन. सोमवारी संध्याकाळी बाबा तुळशीला पाणी घालून आत आले आणि मला म्हणाले, "तो पत्तावाला चष्मा केवढ्याला पडतो?" मी किंमत सांगितली. ऐकू गेली नाही. परत सांगितली, जरा मोठ्याने. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "वायर नको. काळा नको. आणि वाकलो की तुळशीत पडायला नको. तसा निघाला की सांग."