तळघरातलं वाळवण

गेल्या जानेवारीत इथे, अमेरिकेतल्या सेंट पॉलमध्ये, बाहेर उणे २६ तापमान होतं. नवरा सासऱ्यांच्या आजारपणासाठी कोल्हापूरला गेलेला आणि इकडे मी दोन मुलांना घेऊन तापाने पडलेली. शेजारच्या आंटींनी दार वाजवलं, हातात एक पिशवी दिली आणि म्हणाल्या, "वितळू देऊ नकोस. गोठलेलेच तेलात सोड." एवढं बोलून बर्फातून परत गेल्या. आत चोवीस एग रोल होते. पिशवीवर जाड अक्षरात 'चिकन' लिहिलेलं. मी पोर्क खात नाही, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

हा कोलकात्याचा पराठ्यातला रोल नव्हे. पातळ चौकोनी पारीत खिमा, कोबी, गाजर, कांद्याची पात, कोथिंबीर आणि मुगाच्या स्टार्चच्या काचेसारख्या शेवया. सारणात अंडं, कड चिकटवायला अंड्याचा बलक. आंटी मोंग समाजाच्या. १९७५नंतर लाओसमधून मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आणि तिथून इथे सेंट पॉलला आलेल्या असंख्य कुटुंबांपैकी त्यांचं एक. शाळेसाठी पैसे उभे करायचे असोत, कुणाकडे अंत्यविधी असो की मोंग नववर्ष असो, इथल्या घराघरांत बायका एग रोल वळायला बसतात. तेही शेकड्यांनी आणि बरेच दिवस आधी.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "महिन्याभरापूर्वीचं? अगं, शिळं कशाला घालतेस पोरांना?" मला राग आला. रागावण्याचा हक्क मला नव्हता खरा, कारण इथे येऊन सहा वर्षं मीही हेच म्हणत होते. लोक रविवारी आठवड्याचं जेवण डब्यांत भरून ठेवतात ते पाहून मला आपल्या ताज्या पोळीचा अभिमान वाटायचा. तो अजूनही वाटतो. पण आई, तू मे महिन्यात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड घालतेस ते वर्षभरासाठीच ना? अवचित पाहुणा आला की डबा उघडतेस, त्याला कुणी शिळं म्हणत नाही. इथे तसं ऊन नाही. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. इथे थंडी आहे आणि प्रत्येक तळघरात आडवा मोठा फ्रीझर आहे. मला तरी हे वाळवणच वाटतं.

नोव्हेंबरात आंटींनी मला मदतीला बोलावलं. सकाळी आठ ते दुपारी दोन, सहा बायका, ४०० रोल. आणि त्यांची शिस्त! कोबीला मीठ लावून अर्धा तास ठेवायचा, मग पिळायचा. मी पिळलेला कोबी त्यांनी हातात घेतला, पुन्हा पिळला आणि आणखी अर्धी वाटी पाणी काढून दाखवलं. हेच पाणी पुढे पारी भिजवतं, गोठताना त्याचा बर्फ होतो आणि तळताना तेल अंगावर उडतं. शेवयाही जेमतेम भिजवलेल्या, म्हणजे उरलासुरला ओलावा त्या शोषून घेतात. सारण गार असलंच पाहिजे. वळताना हवा आत राहू द्यायची नाही, पण आवळायचंही नाही, नाहीतर रोल फुटतो. वळलेले रोल ट्रेवर एकमेकांना न चिकटता मांडायचे, ट्रे लगेच फ्रीझरमध्ये, आणि दगडासारखे कडक झाल्यावरच पिशवीत. मी घरी पहिल्यांदा केले तेव्हा ही ट्रेची पायरी गाळली होती. तीस रोलचा एकच गोळा झाला आणि सोडवताना सगळ्या पाऱ्या फाटल्या. आंटींना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. ट्रे कसा मांडायचा ते पुन्हा दाखवलं.

तळणं त्या मानाने सोपं. तेल १७० अंशांच्या आसपास, एका वेळी चार-पाचच, कारण गोठलेल्या रोलने तेल चटकन गार होतं. आच मोठी ठेवली तर बाहेरून लाल होतात आणि आत कच्चे राहतात. सारण कच्चं भरलेलं असतं, म्हणून मी एक मधोमध टोचून थर्मामीटरवर ७४ अंश पाहते आणि मगच मुलांना देते.

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी एका गोष्टीत मात्र आपण पुढे होतो. हीटरच्या कोरड्या हवेत पाऱ्या कडेने तडकत होत्या. आंटी त्यांच्यावर ओला पेपर टॉवेल टाकत होत्या आणि तो दर दहा मिनिटांनी वाळत होता. मी घरी पळत जाऊन आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आणला. दिवाळीत करंज्या करताना आमच्याकडे पाऱ्यांवर हाच असतो. भिजवून घट्ट पिळला, पसरला. तासभर पाऱ्या मऊ राहिल्या. आंटींनी तो बोटांत धरून पाहिला आणि विचारलं, "असा आणखी मिळेल?"

आईला मी तीन तुकडे पाठवायला सांगितलेत. कशासाठी, हेही सांगितलंय. ती म्हणाली, "चार पाठवते, एक धुण्यात असतो."