खोडलेल्या शब्दापाशी थांबलेली मुले

पिट्सबर्गमधील एका विद्यापीठाच्या लेखन-साहाय्य केंद्रात मी गेली तीन वर्षे काम करतो. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आपला कच्चा मसुदा घेऊन येतात, माझ्याशेजारी बसून तो मोठ्याने वाचतात आणि मी ऐकतो. आपण हातात पेन घ्यायचे नाही, हा आमच्याकडचा दंडक आहे, कारण पेन माझ्या हाती आले की लेखनही माझे होऊन बसते. अमेरिकेत तू नेमके काय करतोस, असे दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात अनेकांनी मला विचारले आहे. ते सविस्तर सांगावे, म्हणून हे लिहीत आहे.

या कामात मी सर्वांत जास्त काय पाहिले असेल, तर मुलांचे अडणे. मागच्या वर्षी याच परिसरातला एक मुलगा यायचा. पश्चिम पेन्सिल्व्हेनियात 'तुम्ही सगळे' अशा अर्थी 'यिन्झ' म्हणतात, तसे तोही सहज म्हणायचा. आजोबांच्या आठवणी सांगताना त्याचे वाक्य धावत असे. तेच कागदावर उतरवताना तीन शब्द झाले की तो दोन खोडायचा. तासाअखेरीस पान जवळजवळ कोरे असे आणि आपल्याला लिहिता येत नाही, याची त्याला खात्री पटलेली असे. मला वाटायचे, हा मुलगा मी आमच्या शाळेत पाहिलेला आहे.

मुले लिहितात तेव्हा त्यांच्या डोक्यात काय चालते, याचा शोध या देशात बराच घेतला गेला आहे. १९७१ साली जॅनेट एमिग यांनी बारावीच्या आठ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांना लिहिता लिहिता मनात येईल ते मोठ्याने बोलायला लावले होते. पुढे याच पिट्सबर्गमध्ये लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी तीच रीत वापरून १९८१ मध्ये दाखवून दिले, की आखणी, लेखन आणि तपासणी या एकामागून एक चढायच्या पायऱ्या नसतात. लिहिणारा अर्ध्या वाक्यात मागे वळतो, आपला हेतू बदलतो, पुन्हा पुढे जातो. म्हणजे थांबणे हा लेखनाचाच भाग आहे. मात्र सगळे थांबणे सारखे नसते, आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भेद सोंड्रा पर्ल यांच्या १९७९ च्या अभ्यासात सापडतो. न्यूयॉर्कमधील पाच कच्च्या समजल्या गेलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी लिहिताना पाहिले. त्या मुलांकडे सांगण्यासारखे होते आणि लिहिण्याची त्यांची स्वतःची पद्धतही होती; पण विचार पुरता आकाराला येण्याआधीच ती चुका शोधू लागत आणि त्या शोधात विचाराचा धागा तुटत असे.

डिसेंबरमध्ये गावी आलो, तेव्हा कापसाच्या वेचणीचे दिवस होते. वहिनी दिवसभर शेतात असे आणि संध्याकाळी दहावीतली माझी पुतणी ओसरीवर वही घेऊन बसे. एका संध्याकाळी 'माझा आवडता सण' हा निबंध चालला होता. "पोळा हा शेतकऱ्यांचा महत्त्वाचा सण आहे," हे वाक्य झाले. पुढच्या ओळीत तिने 'खांदशेकणी' हा शब्द लिहिला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि खोडून टाकला. का खोडला म्हणून विचारले, तर म्हणाली, "गाईडमध्ये नाही ना काका." पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकणे आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे त्याला सांगणे तिने जन्मापासून पाहिले होते. तिच्याजवळ पोळ्याविषयी होते ते हेच, आणि नेमके तेच तिने बाहेर ठेवले.

मी तिला वही मिटून नुसते बोलायला सांगितले. बराच वेळ ती गप्प होती, मग एकदम म्हणाली, "आमचा सर्जा इकला त्या वर्षी मी पोळ्याले गेलीच नाही. हे लिवलं तर चालते का?"

तिच्या या प्रश्नात दोन वाचकांची भीती होती. एक, वऱ्हाडी शब्दाखाली लाल रेघ ओढणारे शिक्षक, आणि दुसरे तिचे बाबा, म्हणजे माझे दादा, ज्यांनी तो बैल विकला होता आणि जे त्या वेळी आतल्या खोलीत होते. लेखन हे केवळ बुद्धीचे काम असते, तर ही भीती आडवी आली नसती. शिकागोचे तत्त्वज्ञ युजीन जेंडलिन यांनी, शब्द सापडण्याआधी एखादी गोष्ट शरीरात धूसर पण निश्चितपणे जाणवते, असे मांडले होते. पर्ल यांनी तो विचार लेखनाला लावला: लिहिणारा मध्येच थांबून त्या जाणिवेकडे कान देतो आणि उतरलेले वाक्य तिच्याशी जुळते का, हे पाहतो. पुतणीचे गप्प राहणे असे होते. खोडणे वेगळे होते; त्यात ती स्वतःकडे पाहतच नव्हती. बाहेरून ही दोन्ही थांबणी सारखीच दिसतात आणि आपण दोन्हींना "अगं, लिही ना पटकन" असेच म्हणतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी तिला एवढेच सांगितले, की पहिला खर्डा फक्त आपल्यासाठी असतो. शिक्षकांना आणि बाबांना काय दाखवायचे, ते नंतर ठरवता येते. शुद्धलेखन सोडून द्यावे, असे मी मुळीच म्हणत नाही. प्रमाण मराठी तिला आली पाहिजे आणि ती येईलही. प्रश्न ती केव्हा मध्ये आणायची, एवढाच आहे. त्या संध्याकाळी दोन पाने झाली. 'खांदशेकणी' परत आली, सर्जा आला, आणि त्याला न्यायला आलेल्या गाडीमागे ती नाल्यापर्यंत धावली होती, हे मला पहिल्यांदाच कळले.

दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "परीक्षेत एवढा वेळ कुठून आणू?" ऐंशी गुणांची प्रश्नपत्रिका तीन तासांत सोडवायची असते, तेव्हा तिचे म्हणणे खोटे नव्हते आणि माझ्याकडे पुरे उत्तरही नव्हते. सराव झाला, की आतले ऐकायला कमी वेळ लागतो, हे मी इथल्या मुलांत पाहिले आहे. तेवढे सांगितले आणि आम्ही एक वेळ ठरवली. माझ्याकडे शनिवारी रात्रीचे साडेनऊ वाजतात, तेव्हा तिच्याकडे रविवारी सकाळचे आठ वाजलेले असतात. ती आधी विषयावर बोलते आणि मी ऐकतो, केंद्रात ऐकतो तसाच.

गेल्या रविवारी विषय पावसाचा होता. दहाएक मिनिटे ती पेरणीनंतर उघडीप पडलेल्या दिवसांविषयी बोलली, मग फोनवर नुसता वहीचा आवाज येऊ लागला. न राहवून मी पुढे काय झाले म्हणून विचारले.

"थांबा ना काका," ती म्हणाली, "मी लिवून राहिली."